अपस्माराची चिकित्सा आणि गणिताची साक्ष

वैद्याला ज्या रोगांशी नित्य झुंजावे लागते त्यांपैकी बहुतेक त्याच्यासमोर प्रत्यक्ष हजर असतात. तापाचा दाह हाताला लागतो, मोडलेले हाड क्ष-किरणांच्या चित्रात उमटते, मधुमेहाचा छडा रक्ताच्या एका थेंबातून लागतो. अपस्माराचे तसे नाही. ज्याला हा विकार जडलेला आहे असा मनुष्य वर्षातला जवळजवळ सारा काळ इतरांसारखाच हिंडतो-फिरतो, शेतात राबतो, कचेरीत बसतो, शाळेत शिकवतो. आणि एखाद्या दिवशी, पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न मिळता, मिनिट-दोन मिनिटांपुरत्या त्याच्या मेंदूतील असंख्य पेशी एकाच तालावर विद्युत्-स्पंदने सोडू लागतात, तो कोसळतो, हातपाय झाडतो, किंवा नुसताच शून्यात टक लावून उभा राहतो, आणि थोड्या वेळाने शुद्धीवर येऊन काय झाले असे भोवतालच्यांनाच विचारतो. चिकित्सकाच्या खोलीत तो येतो तेव्हा झटका केव्हाच ओसरलेला असतो, मेंदूचे चित्र पुष्कळदा निर्दोष निघते, आणि निदान करायचे ते आईने, भावाने किंवा एसटीतल्या एखाद्या अनोळखी सहप्रवाशाने दिलेल्या कैफियतीवरून. जो रोग बहुतेक वेळ अदृश्य राहतो त्याचा ठाव दोन झटक्यांमधल्या शांत काळातूनच कसा घ्यावा, या प्रश्नासाठी गेल्या काही दशकांत मज्जाविज्ञानाने गणिताला पाचारण केले आहे. आणि मेंदू म्हणजे परस्परांशी जोडलेल्या प्रदेशांचे एक जाळे असे मानून त्याची समीकरणे मांडण्याचा हा उद्योग आज अशा टप्प्यावर आला आहे की, रुग्णाच्या पदरात त्याने नेमके काय टाकले याचा हिशेब मागणे रास्त ठरावे.

या हिशेबाआधी रोगाची व्याप्ती पाहिली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी माणसांना अपस्मार आहे, त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि वेळीच निदान होऊन योग्य औषध मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त होऊ शकतात. १९१२ पासून वापरात असलेल्या फेनोबार्बिटोनसारख्या औषधाचा खर्च वर्षाला ५ डॉलरइतका अल्प येऊ शकतो. तरीही गरीब देशांतल्या बहुसंख्य रुग्णांपर्यंत कोणतेच औषध पोचत नाही. आपल्याकडे तर या रोगाभोवती अज्ञानाबरोबर लज्जेचेही कुंपण आहे. फेफरे आले की नाकाशी कांदा किंवा चप्पल धरावी, देवऋषीकडे न्यावे, मुलगी असेल तर लग्न होईपर्यंत गोष्ट दडवावी, ही रीत अद्याप लोपलेली नाही. आणि हिंदू विवाह कायद्यातील विवाहाला बाधक ठरणाऱ्या कारणांतून अपस्माराचे नाव निघाले ते १९९९ सालच्या दुरुस्तीने. गणिताचा कोणताही शोध या सामाजिक अन्यायावरचा उतारा होऊ शकत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

परंतु औषध मिळूनही ज्यांचे झटके थांबत नाहीत अशांची संख्याही लहान नाही. ग्लासगो येथील क्वान आणि ब्रॉडी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ५२५ रुग्णांच्या पाहणीत ६३ टक्के रुग्ण झटकामुक्त झाले, आणि त्यांतल्या बहुतेकांना हा लाभ पहिल्याच औषधाने झाला. पहिली दोन औषधे निष्फळ ठरल्यावर तिसऱ्याने गुण येण्याची आशा फारच थोडी उरते, हा त्या पाहणीचा कठोर निष्कर्ष. त्यानंतर अनेक नवी औषधे बाजारात आली, त्यांचे दुष्परिणाम सौम्य झाले, पण सुमारे एकतृतीयांश रुग्ण औषधांना दाद देत नाहीत हे प्रमाण जवळजवळ तसेच राहिले आहे. प्रौढ रुग्णांत दरवर्षी हजारी एकाच्या सुमारास अपस्मारजन्य आकस्मिक मृत्यू होतात, आणि अनावर राहिलेले मोठे झटके हे त्यांचे मुख्य कारण मानले जाते. तेव्हा निदान लवकर आणि अचूक कसे व्हावे, शस्त्रक्रियेची शिफारस कोणाला करावी व मेंदूचा कोणता भाग काढावा, आणि पुढचा झटका केव्हा येईल हे आधी सांगता येईल काय, असे तीन प्रश्न चिकित्सकापुढे उभे राहतात. गणिताची कसोटी याच तीन ठिकाणी लागते.

मेंदूच्या विजेची नोंद माणसाच्या डोक्यावरून प्रथम घेतली ती जर्मनीतील जेना येथे हान्स बेर्गर याने, १९२४ साली. पाच वर्षे ती स्वतःशीच पडताळून पाहून १९२९ साली त्याने ती प्रसिद्ध केली. १९३५ साली बोस्टन येथे गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवून दिले की, वर्गात बसल्याबसल्या क्षणभर हरवणाऱ्या मुलांच्या मेंदूत त्या वेळी सेकंदाला तीन या गतीने टोक व लाट यांची अतिशय नियमित आवर्तने उठतात. तेव्हापासून ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा हा आलेख, अपस्माराच्या निदानाचा आधारस्तंभ झाला. ही तपासणी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना तिची साधी, काहीशी कंटाळवाणी रीत परिचित असेल: तंत्रज्ञ फीत घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत अंतर मोजतो, त्या अंतराच्या दहा व वीस टक्क्यांवर खुणा करतो, प्रत्येक खुणेजवळचे केस बाजूला सारून त्वचा घासतो, आणि चिकट मलमाने वीस-एकवीस चकत्या बसवतो, मग डोळे मिटा, डोळे उघडा, तीन मिनिटे जोराने श्वास घ्या असे हुकूम होतात, डोळ्यांपुढे दिवा लखलखतो, आणि वीस-तीस मिनिटांत काम आटोपते. एवढ्या अवधीत झटका येण्याचा संभव अत्यल्प. म्हणून वाचणारा डॉक्टर दोन झटक्यांमधल्या काळात अधूनमधून डोकावणारी टोके शोधतो. अपस्मार असलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत पहिल्या नोंदीत तीही सापडत नाहीत, आणि अहवालावर ‘नॉर्मल’ असा शेरा पडतो. हा शेरा वाचून रुग्ण निश्चिंत होतो, औषध बंद करतो, आणि काही महिन्यांनी विहिरीच्या काठावर किंवा दुचाकीवर असताना त्याला पुन्हा झटका येतो, असे प्रकार थोडे नाहीत.

डोळ्यांना जे दिसत नाही ते त्या आलेखात असते काय, या प्रश्नापासून गणिताचे काम सुरू होते. पण त्याचा पाया बराच जुना आहे. १९५२ साली केंब्रिजच्या हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माखली या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून एका चेतातंतूतून विद्युत्-स्पंद कसा धावतो याची अवकल समीकरणे मांडली, आणि त्याबद्दल १९६३ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येकीसाठी अशी समीकरणे लिहिणे हे कल्पनेतही शक्य नव्हते. शिकागोच्या विल्सन आणि कॉवन यांनी १९७२ साली या अडचणीतून वाट काढली: एकेका पेशीचा नाद सोडून त्यांनी पेशींच्या समूहाचा विचार केला, त्यात उत्तेजक आणि निरोधक असे दोनच पक्ष मानले, आणि त्या दोघांच्या परस्परक्रियेतून समूहाची सरासरी हालचाल कशी घडते हे दोन समीकरणांत पकडले. पुढे लोपेस दा सिल्वा, यान्सेन आणि रिट, फ्रान्समधील रेन येथील वेंडलिंग इत्यादींनी हीच पद्धत वाढवीत नेली आणि उत्तेजन व निरोध यांचे प्रमाण किंचित बदलले की समीकरणांतून निघणारा आलेख शांत लयीतून झटक्याच्या आलेखात कसा पालटतो ते दाखवले.

या सर्व खटपटीतून जे मूलभूत सत्य हाती आले ते असे की, निरोगी अवस्था आणि झटका यांमध्ये पदार्थाचा भेद असलाच पाहिजे असे नाही. एकाच व्यवस्थेच्या त्या दोन चाली असू शकतात. जमिनीत शेजारी-शेजारी दोन खळगे असावेत आणि एका खळग्यात गोटी हेलकावत असावी, तशी कल्पना करा. मधला उंचवटा मोठा असेल तोवर लहानसहान धक्क्यांनी गोटी जागा सोडत नाही. उंचवटा झिजत गेला तर तोच धक्का तिला पलीकडे लोटतो. अपस्माराच्या रुग्णात हा उंचवटा जन्मतः, दुखापतीने, जंतुसंसर्गाने किंवा, आपल्या देशात वारंवार आढळते त्याप्रमाणे, मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या गाठीने खचलेला असतो. मॅकी आणि ग्लास यांनी १९७७ साली ‘गतिक रोग’, म्हणजे व्यवस्थेची चाल पालटल्याने होणारा रोग, ही कल्पना मांडली होती. २००३ साली लोपेस दा सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्मार हा त्या वर्गाचा अस्सल नमुना आहे असे साधार प्रतिपादन केले. माझ्या मते या क्षेत्रातील ही सर्वांत फलदायी कल्पना होय, कारण झटका आलेला नसतानाही झटक्याकडे असलेला कल मोजता येईल, अशी आशा तिनेच प्रथम निर्माण केली.

दुसरी कल्पना जाळ्याची. एकोणिसाव्या शतकात ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने झटका म्हणजे मेंदूच्या करड्या द्रव्यातील आकस्मिक व अतिरेकी विसर्ग होय असे सांगितले, आणि तेव्हापासून त्या विसर्गाचे उगमस्थान, एखादा कोपरा, एखादा व्रण, शोधण्यावर वैद्यकाचा भर राहिला. परंतु व्रण काढूनही झटके न थांबणारे रुग्ण भेटत राहिले, आणि व्रणच न सापडणारेही. येल विद्यापीठाच्या सुझन स्पेन्सर यांनी २००२ साली मांडले की, अपस्मार हा एखाद्या ठिपक्याचा नसून परस्परांशी बांधलेल्या अनेक प्रदेशांच्या जाळ्याचा रोग मानावा, कारण त्या जाळ्यातील कोणत्याही एका भागातील खळबळ उरलेल्या सर्वांना खेचून घेऊ शकते. २०१० साली आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने झटक्यांच्या व्याख्या सुधारल्या तेव्हा एका गोलार्धापुरत्या जाळ्यात उगम पावणारे आणि दोन्ही गोलार्धांत पसरलेल्या जाळ्यांना त्वरित गुंतवणारे, अशीच त्यांची वाटणी केली. म्हणजे प्रयोगशाळेतील कल्पनेला दप्तरी मान्यता मिळाली. दरम्यान १९९८ साली वॅट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी जाळ्यांचे नवे गणित उभे केले होते, आणि त्यांच्या उदाहरणांपैकी एक ३०२ चेतापेशींच्या एका सूक्ष्म कृमीचे चेताजाल होते.

या दोन कल्पनांचा संगम इंग्लंडमध्ये एक्सेटर आणि लंडन येथील मंडळींनी, विशेषतः जॉन टेरी आणि मार्क रिचर्डसन यांच्या गटांनी, निदानाच्या प्रश्नावर घडवून आणला. त्यांची रीत मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण साधेपणा हाच तिचा विशेष आहे. डोळे मिटून शांत बसलेल्या रुग्णाच्या साध्या ईईजीतील अवघे वीस सेकंदांचे तुकडे घ्यावयाचे. त्यांतील सेकंदाला सहा ते नऊ आवर्तनांचा पट्टा गाळून काढावयाचा. प्रत्येक चकतीला जाळ्याची एक गाठ मानून कोणत्या दोन गाठींची आंदोलने किती प्रमाणात एकमेकींशी ताल धरून चालतात हे मोजावयाचे, आणि त्या मोजमापाने गाठींमधले धागे विणावयाचे. येथवर केवळ मापन झाले. आता प्रत्येक गाठीत शांतता आणि झटका अशा दोन्ही चाली ज्यात संभवतात असे एक समीकरण बसवावयाचे, गाठींमधील ओढ संगणकात हळूहळू वाढवीत न्यावयाची, आणि किती अल्प ओढीला सारे जाळे झटक्यात कोसळते ते पाहावयाचे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सार्वदेहिक, म्हणजे दोन्ही गोलार्धांना त्वरित गुंतवणाऱ्या, अपस्माराचे ३० रुग्ण आणि ३८ निरोगी माणसे होती. एकाही निरोगी माणसाला रोगी न ठरवता या पद्धतीने ५६.७ टक्के रुग्ण ओळखले, आणि तेही ज्या तुकड्यांत डोळ्याला काही वावगे दिसत नव्हते त्यांवरून. त्याच गटाच्या त्याआधीच्या एका अभ्यासात आणखी चकित करणारी गोष्ट आढळली होती: रुग्णांच्या ज्या सख्ख्या नातेवाइकांना कधीही झटका आलेला नव्हता त्यांच्याही मेंदूच्या जाळ्यात रुग्णांसारखीच वैशिष्ट्ये होती. म्हणजे कल वारशाने येतो, पण एवढ्याने रोग होत नाही. रोग होण्यास आणखी काही लागते. निदानाचे साधन म्हणून मात्र ही गोष्ट अडचणीची आहे, कारण नातेवाइकाला रोगी ठरवणारी कसोटी रुग्णालयात निरुपयोगी, किंबहुना घातकच.

येथे माझा एक स्पष्ट आक्षेप आहे. चिकित्सकाकडे कोणी ठणठणीत माणूस मला अपस्मार आहे काय असे विचारत येत नाही. येतो तो चक्कर येऊन पडलेला, रक्तदाब एकाएकी उतरल्याने बेशुद्ध झालेला, हृदयाचा ठोका चुकलेला, किंवा मानसिक आघातातून झटक्यासारखेच दिसणारे आचके येणारा. आणि खरा प्रश्न असतो तो या सर्वांतून अपस्मार वेगळा काढण्याचा. निरोगी आणि रोगी यांच्यात भेद करून दाखवणे ही पहिली पायरी झाली. दुसरी पायरी, म्हणजे संशयित रुग्णांच्या गर्दीतून अचूक निवड, अधिक दुर्घट आहे, आणि या दिशेने चाललेले काम त्याच निकषावर तोलले पाहिजे. तथापि गरीब मुलखाच्या दृष्टीने पाहता, ज्याला नवे यंत्र लागत नाही, तालुक्याच्या ठिकाणीही घेता येईल अशा वीस मिनिटांच्या नोंदीवर जे चालते, आणि ज्याचे गणित साध्या संगणकावर उरकते, असे हे एकच प्रतिमान आज दृष्टिपथात आहे. म्हणून इतर सर्व शाखांपेक्षा मी याला अधिक महत्त्व देतो.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात गणिताची कामगिरी अधिक भव्य आहे. शस्त्रक्रियेचा गुण आता वादातीत आहे: कॅनडातील लंडन या शहरी झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, कानशिलाच्या बाजूच्या खंडातून उद्भवणाऱ्या अपस्माराच्या ८० रुग्णांपैकी शस्त्रक्रियेच्या गटात वर्षअखेरीस ५८ टक्के जाणीव हरपवणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते, तर केवळ औषधावर असलेल्या गटात ८ टक्के. आपल्या दिल्लीच्या एम्सने २०१७ साली ११६ मुलांवरील परीक्षणाने हीच गोष्ट अधिक ठळक केली. तेथे हे प्रमाण ७७ टक्के विरुद्ध ७ टक्के होते, आणि जगातील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होत आहेत. परंतु ज्या रुग्णाच्या एमआरआयत व्रण दिसत नाही त्याच्या बाबतीत कोठे कापावे हे ठरविण्यासाठी कवटीला बारीक छिद्रे पाडून मेंदूत खोल सूक्ष्म विद्युत्-शलाका सोडाव्या लागतात, औषधे कमी करून रुग्णालयात आठवडा-दोन आठवडे झटक्याची वाट पाहावी लागते, आणि शेकडो बिंदूंवरून आलेल्या नोंदींचा गुंता अनुभवी डोळ्यांनी सोडवावा लागतो. ही पद्धत पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात तालेराक आणि बांको यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात घडवली. इतका खटाटोप करूनही पुष्कळ रुग्णांत झटके परत येतात.

फ्रान्समधील मार्सेय येथे व्हिक्टर यिर्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘एपिलेप्टर’ नावाचे प्रतिमान मांडले. त्यात अवघ्या पाच चल राशी आहेत. दोन जलद विद्युत्-आंदोलनांसाठी, दोन टोक-लाटांसाठी, आणि एक अतिशय मंद गतीची, जी झटका केव्हा सुरू व्हावा आणि केव्हा थांबावा हे ठरवते. मासे, उंदीर आणि माणूस यांच्या झटक्यांची सुरुवात व शेवट या पाच राशींत बऱ्याच अंशी बसतात, हे त्यांनी दाखविले. मग २०१७ पासून त्यांनी ‘आभासी अपस्मार-रुग्ण’ उभा करण्यास आरंभ केला: प्रत्यक्ष रुग्णाच्या एमआरआयवरून त्याच्या मेंदूचे शंभर-दीडशे प्रदेश आखावयाचे, पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून मज्जातंतूंच्या जुड्या शोधून ते प्रदेश जोडावयाचे, प्रत्येक प्रदेशात एपिलेप्टर बसवावयाचा, आणि शलाकांतून आलेल्या खऱ्या झटक्याशी आभासी झटका जुळेपर्यंत प्रत्येक प्रदेशाची झटकाप्रवणता संख्याशास्त्राने ठरवावयाची. हे साधले की शस्त्रवैद्य आधी संगणकात कापून पाहू शकतो. ५३ रुग्णांच्या जुन्या नोंदींवर २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास उत्साहवर्धक आहे. पण त्याहून मोलाचे काम म्हणजे फ्रान्समधील ११ केंद्रांत ३५६ रुग्णांसाठी योजलेले, २०१९ साली सुरू झालेले ‘एपिनोव्ह’ हे परीक्षण. त्यात काही शस्त्रक्रियांची मसलत प्रतिमानाच्या साह्याने होते, काहींची त्याविना, आणि नंतर निकाल ताडून पाहिले जातात. गणिताने स्वतःला अशा प्रामाणिक चाचणीच्या हवाली करावे, ही या क्षेत्राची प्रौढ होण्याची खूण मी मानतो.

याच वाटेवर न्यूकॅसल येथील नवोदित मंडळींनी निराळा प्रयोग केला. निशांत सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली १६ रुग्णांच्या शांत काळातील नोंदींवरूनच त्यांची शस्त्रक्रिया यशस्वी होईल की नाही याचे भाकीत केले, आणि ते ८१.३ टक्के, म्हणजे १३ रुग्णांत, खरे ठरले. ज्यांत शस्त्रक्रिया फसली होती तेथे दुसरी कोणती जागा काढायला हवी होती हेही प्रतिमानाने सुचवले. त्या सूचनेचे मोल जोखताना एका तार्किक अडचणीची जाणीव ठेवावी लागते: जी जागा कोणी काढलीच नाही ती काढल्याने रुग्ण बरा झाला असता काय, हे पडताळण्याचा मार्ग नाही. शिवाय शलाका जेथे सोडलेल्या असतात तेवढाच मेंदू प्रतिमानाला दिसतो. खरा उगम शलाकांच्या मध्ये दडलेला असला तर जाळे कितीही कुशलतेने विणले तरी ते अपुरेच. आणि समीकरणांतील प्राचलांच्या वेगवेगळ्या जुळण्यांतून एकच आलेख निघू शकत असल्यामुळे, आलेख जुळला म्हणजे कारण सापडले असे म्हणता येत नाही. सोळा-वीस रुग्णांच्या अभ्यासांवरून मोठे दावे करण्याची घाई या क्षेत्रात अधूनमधून दिसते, ती रुग्णहिताची नव्हे.

तिसरा प्रश्न झटक्याच्या भाकिताचा, आणि त्याचा इतिहास आशा व निराशा यांनी भरलेला आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत अव्यवस्थेच्या गणिताचा मोठा बोलबाला झाला, झटक्याच्या काही मिनिटे आधी मेंदूच्या आलेखातील गुंतागुंत घटते असे अनेकांनी जाहीर केले, आणि पुढे दीर्घ, अखंड नोंदींवर तेच हिशेब केले तेव्हा त्यांतले बहुतेक दावे टिकले नाहीत. वाट मोकळी झाली ती मेलबर्नमध्ये. मार्क कुक यांच्या नेतृत्वाखाली १५ रुग्णांच्या मेंदूवर दीर्घकाळ विद्युत्-नोंद घेणारे यंत्र बसवण्यात आले. रुग्णाच्या हाती दिलेल्या लहानशा उपकरणावर धोका अधिक असता तांबडा, मध्यम असता पांढरा आणि अल्प असता निळा दिवा लागे. २०१३ साली या प्रयोगाचा अहवाल निघाला. भाकीत काही रुग्णांत उपयोगी ठरले, सर्वांत नव्हे. परंतु त्या नोंदींतून एक अनपेक्षित सत्य उघडकीस आले, ते असे की रुग्ण आपल्या वहीत जितके झटके लिहीत त्याहून कितीतरी अधिक झटके त्यांच्या मेंदूत होत होते. ज्या वहीवर आपण औषधाची मात्रा ठरवतो तिचा भरवसा किती, हा प्रश्न त्या दिवसापासून प्रत्येक चिकित्सकाने स्वतःला विचारावा असा आहे.

पुढे अमेरिकेत, २०१३ साली मान्यता मिळालेल्या आणि कवटीत बसवलेल्या उत्तेजक यंत्रांच्या नोंदींवरून बो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ३७ रुग्णांत दाखवले की, मेंदूतील अपस्मारी खळबळ दिवस-रात्रीच्या चक्राशिवाय कित्येक दिवसांच्या चक्रातही चढते-उतरते, पुष्कळांत वीस ते तीस दिवसांच्या, आणि पुरुषांतही ही चक्रे आढळतात. झटके या चक्राच्या चढावर दाटी करून येतात. प्र्वा यांच्या गटाने २०२१ साली याच आधारावर बहुसंख्य रुग्णांत एक दिवस आधी, आणि काहींत तीन दिवसांपर्यंत आधी, धोक्याचा अंदाज देता येतो असे दाखवले. अमुक क्षणी झटका येईल हे सांगण्याचा हट्ट सोडून आज जोखीम किती हे सांगण्याकडे झालेले हे वळण मला अत्यंत सुज्ञपणाचे वाटते. एका चालीतून दुसरीत पालटण्याचा वळणबिंदू जवळ आला की कोणतीही व्यवस्था धक्क्यातून सावरण्यास अधिक वेळ घेते, या गणिती नियमाचा पुरावा मेलबर्नच्या नोंदींत मिळाल्याचे काहींनी सांगितले. बॉन येथील लेनर्ट्झ यांच्या गटाला त्यांच्या नोंदींत तसा पुरावा आढळला नाही. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि तो मिटवण्याची घाई करू नये.

या तीन प्रश्नांपलीकडे, औषधनिवडीच्या बाबतीत मात्र गणिताचा हात अजून आखडताच आहे. सोडियमच्या वाहिन्या रोखणारे एक औषध काही रुग्णांना संजीवनी ठरावे आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर सुरू होणाऱ्या विशिष्ट अपस्मारात त्यानेच झटके वाढावेत, याचे कारण जाळ्याच्या गणिताने सांगितले पाहिजे. ते अनुमान आज चिकित्सक रोगाच्या प्रकारावरून काढतो, समीकरणावरून नव्हे. येथे काम फार बाकी आहे.

भारतात काही हजार मज्जाविकारतज्ज्ञ असतील, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या शहरांत. मार्सेयचा आभासी मेंदू आपल्या जिल्हा रुग्णालयात येण्यास पुष्कळ अवधी लागेल. पण एक्सेटरच्या वीस सेकंदांच्या रीतीसाठी लागणारी सामग्री आपल्याजवळ आजच आहे, आणि ती दररोज वाया जात आहे. आपल्या अनेक रुग्णालयांत ईईजीचा कागद किंवा दोन ओळींचा अहवाल रुग्णाच्या पिशवीत घरी जातो, मूळ नोंद यंत्राची जागा भरली की पुसली जाते, आणि त्या रुग्णाचे पुढे काय झाले हे कोणत्याही दप्तरात राहत नाही. परदेशातील प्रतिमाने परदेशातील मेंदूंवर शिकलेली आहेत. फीतकृमीच्या गाठींमुळे, जन्मवेळच्या इजेमुळे झालेला आपल्याकडचा अपस्मार त्यांनी क्वचितच पाहिला आहे. म्हणून महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या चालकांना आणि आरोग्य खात्याला माझी कळकळीची विनंती आहे की, प्रत्येक ईईजीची मूळ नोंद, रुग्णाच्या संमतीने व नाव वगळून, जपून ठेवण्याची आणि तिच्याशी त्या रुग्णाची पुढच्या दोन वर्षांची हकीगत जोडण्याची तजवीज त्यांनी करावी, आणि मुंबई-पुण्याच्या गणितशास्त्रज्ञांना त्या दप्तराचे दार उघडून द्यावे. याला नव्या इमारतीची गरज नाही, परदेशी यंत्राची नाही. एका सक्त आदेशाची आणि एका जबाबदार कारकुनाची आहे.